दिलगिरीला कर्ता हवा

‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत’ हे वाक्य सार्वजनिक जीवनात इतके रुळले आहे की, ते वाचताना कोणी थबकतही नाही. त्यात दुखावणारा कोणीच नाही आणि कोणी दुखावले गेले, याचीही खात्री नाही. मग पश्चात्ताप कोणाला आणि कशाचा? ‘हे आम्ही केले’ ही कबुली पश्चात्तापाची पहिली अट आहे. ती नसेल, तर दिलगिरी म्हणजे प्रकरण मिटवण्याचा उपचार ठरतो.

ब्रिटिश सरकारची दोन निवेदने शेजारी ठेवली की फरक दिसतो. जालियनवाला बाग हत्याकांडाच्या शताब्दीच्या तोंडावर, १० एप्रिल २०१९ रोजी, पंतप्रधान थेरेसा मे यांनी घडलेल्या घटनेबद्दल हाऊस ऑफ कॉमन्समध्ये तीव्र खेद व्यक्त केला. माफी मागितली नाही. गोळीबाराचा हुकूम जनरल डायरचा होता, १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या, सरकारी आकडाच ३७९ मृतांचा आहे. हे सारे १९२० पासून दप्तरी नोंदलेले असूनही निवेदनात ते नुसते ‘घडले’. त्याच सभागृहात ६ जून २०१३ रोजी परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी मात्र केनियातल्या माऊ माऊ उठावाच्या काळात वसाहतीच्या प्रशासनाकडून लोकांचा छळ झाल्याचे मान्य केले. शब्द तिथेही खेदाचाच होता, कायदेशीर जबाबदारीही नाकारलीच आणि हे सारे कोर्टाच्या रेट्यामुळे झाले. तरीही हात कोणाचा, हे सांगितले गेले आणि ५,२२८ दावेदारांसाठी १ कोटी ९९ लाख पौंड मोजले गेले.

शंभर वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याचा पश्चात्ताप आजच्या सरकारने का करावा, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. सरकारला मन नसते. पण तेच सरकार आधीच्यांची कर्जे फेडते, करार पाळते. वारशातली मिळकत घ्यायची आणि देणे तेवढे झटकायचे, हे चालणार नाही. कबुली दिली की भरपाईचे दावे लागतात, हा दुसरा आक्षेप. तोही खराच, पण जिच्यात काहीच पणाला लागत नाही, त्या दिलगिरीला किंमत तरी काय? तेव्हा यापुढे कोणी खेद व्यक्त केला, की पत्रकारांनी विचारावे : काय केले आणि कोणी? उत्तर मिळाले नाही, तर मथळ्यात ‘माफी मागितली’ असे छापू नये.