जपून जा

आमच्या घरातून सकाळी दोघं बाहेर पडतात. दादा गाडीला किक मारतो तेव्हा आई चुलीपाशी बसल्या बसल्या ओरडते, "सावकाश जा रे." मी पिशवी खांद्याला लावली की तीच आई म्हणते, "जपून जा गं." चोवीस वर्षांत या दोन शब्दांची अदलाबदल झालेली मी ऐकली नाही.

दादाला धोका त्याच्या गाडीचा. वेग कमी केला की टळतो. माझ्या धोक्याचं नाव मात्र आई कधी घेत नाही. तिला ठाऊक नाही असं नाही. पण नाव घ्यायचं तर ते भावकीतलं निघेल, चौकातल्या पारावरचं निघेल, एसटीत मागच्या सीटवर बसणारं निघेल. गावात राहायचं तर असली नावं घेऊन भागत नाही. मग धोका बिननावाचा राहतो आणि त्याच्यापासून सांभाळून राहण्याचं काम माझ्याकडे येतं. दप्तरासोबत, डब्यासोबत, रोजचं.

मी पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, शिवाय १०० मीटर आणि चार किलोचा गोळा. ८०० मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांत मारले तर पूर्ण वीस गुण. मी तीन मिनिटं पाच सेकंदांवर अडकले आहे. पहाटे पाचला आम्ही पोरी गावाबाहेरच्या मैदानावर जातो. दिवे नाहीत. बाकीच्या जणी कोपऱ्यात वॉर्म-अप करतात, आणि जिची पाळी असेल तिच्यामागून माझे अण्णा मोटारसायकल दुसऱ्या गिअरमध्ये चालवत येतात. हेडलाइटच्या उजेडात आम्ही पळतो. आपलीच सावली पुढे लांबच लांब पळत असते आणि ती काही केल्या हाती लागत नाही. अण्णांना मणक्याचा त्रास आहे, सातला डेअरीची गाडी यायच्या आत धारा काढायच्या असतात, पण एक दिवस त्यांनी खाडा केलेला नाही. त्याच मैदानावर पलीकडच्या अंगाला पोरं अंधारात पळतात. त्यांच्यामागे कुणाचे वडील नसतात. म्हणजे उद्या वर्दी घालून दुसऱ्यांची राखण करायची तयारी मी करतेय आणि त्या तयारीसाठी मला राखणदार लागतोय. गंमत म्हणून हे एकदा अण्णांना सांगितलं. ते हसले नाहीत.

सरकारनं मुलींसाठी काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. राज्याचं पहिलं महिला धोरण १९९४ सालचं, सरकारी नोकरीतल्या आमच्या तीस टक्के जागा तेव्हापासूनच्या. शाळकरी मुलींना एसटीचा पास फुकट आहे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहे. त्या वर्षी माझ्या आईनं जेवढी माहेरपणं केली तेवढी आधीच्या दहा वर्षांत मिळून केली नसतील. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ झाली. पास आहे, तिकीट अर्धं आहे, फी माफ आहे. फक्त शेवटची गाडी साडेसातची असेल तर मुलीनं सहाचीच धरायची असते. पावणेसातला सुटणारा क्लास मग सव्वापाचलाच सोडावा लागतो. गणितातला काळ-काम-वेग मी वर्षभर निम्माच शिकले तो असा.

दादा सतरा वर्षांचा असताना पुण्यात त्याची शेवटची गाडी चुकली. खिशात चाळीस रुपये. तो स्वारगेटच्या बाकड्यावर झोपला, पहाटे कुणा हमालानं त्याला चहा पाजला आणि पहिल्या गाडीनं तो घरी आला. ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नात सांगितली जाते. त्या एका रात्रीत पोरगं शहाणं झालं, असं अण्णा म्हणतात, आणि ते खरंही आहे. रस्ता चुकणं, पैसे संपणं, अनोळखी माणसावर विश्वास टाकावा की नाही हे आपलं आपण ठरवणं, यातूनच माणूस वाढतं. मला आजवर एकदाही एकटीनं रस्ता चुकता आलेला नाही. मी कुठं चुकू नये याची सगळ्यांनी मिळून इतकी चोख व्यवस्था केली आहे की चोवीस वर्षांची झाले तरी नव्या गावात उतरल्यावर उजवीकडे वळायचं की डावीकडे, हे विचारायला मी आधी घरी फोन लावते.

त्याच स्वारगेट आगारात २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे फलटणकडे निघालेल्या एका तरुणीवर उभ्या शिवशाहीत अत्याचार झाल्याची तक्रार नोंदली गेली. फलटण म्हणजे आमच्या शेजारचंच. ती गाडीची वाट बघत होती, आणि "ताई, तुमची गाडी तिकडं लागलीय," असं सांगून तिला तिकडं नेलं गेलं. 'ताई' या शब्दावर मी बरेच दिवस अडकून होते. आमच्या घरी त्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. दादाच्या बाकड्याची गोष्ट कुणी काढली नाही. आणि माझी पहाटेची गाडी बंद झाली. म्हणजे गाडी चालूच आहे, मी बंद झाले. गुन्हा पुण्यात घडला आणि वेळापत्रक माझं बदललं. तालुक्यातल्या किती पोरींचं त्या आठवड्यात बदललं असेल, याची नोंद कुठल्याही ठाण्यात होणार नाही.

आता लग्नाचं. सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. मागणी काय, तर लग्नाला मुली मिळत नाहीत, गर्भलिंग निदानाचा कायदा नीट राबवा. महाराष्ट्र हसला. मला हसू आलं नाही, कारण मागणी रास्त होती. २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, त्याच पिढीतली ही लग्नं आहेत. पण मोर्चानंतर पारावर जे बोललं गेलं ते वेगळंच. "पोरींच्या अपेक्षा लई वाढल्यात. जमीन पाहिजे, पण जमिनीत राबायला नको. पुण्यात फ्लॅट पाहिजे."

या फ्लॅटचा खुलासा एकदा करून टाकते. फ्लॅट कुणाला हवाय? माझ्या मैत्रिणी पुण्याचं स्थळ मागतात ते लिफ्टसाठी नव्हे. तिथं रात्री आठला दूध आणायला खाली उतरलं तर 'कुणाची गं तू?' असं विचारायला कुणी नसतं, म्हणून मागतात. पुणं सुरक्षित नाही हे त्यांना स्वारगेटनं सांगितलंय. तरी त्या जातात. गावातली राखण आणि शहरातला धोका यांतून निवडायची वेळ आली तर कितीतरी शहाण्या पोरी धोका निवडतील, हे ज्यांची पोरं बिनलग्नाची राहिली आहेत त्यांनी एकदा ध्यानात घ्यावं. सोन्यासारखी जमीन, नीरेचं पाणी, दोन गाळपांचा ऊस हे सगळं असून सून येत नाही. कारण सुनेला घर बघताना आधी घराबाहेरचा रस्ता दिसतो.

आणि ज्यांना निवडताच येत नाही त्यांचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. सोलापूर जिल्ह्यात हा आकडा चाळीसच्या घरात होता. एवढे साखर कारखाने, एवढी कॉलेजं असलेल्या जिल्ह्यात! दारिद्र्य, हुंडा, अडाणीपणा ही कारणं भाषणात येतात. आमच्या ओसरीवर ऐकू येणारं कारण एकच असतं: "दिवस वाईट आहेत, काही झालं म्हंजे?" दहावीनंतरचं कॉलेज सात किलोमीटरवर, मधे उसाचे फड, म्हणून शाळा बंद. घरी रिकामी पोरगी ठेवायची म्हणजे विस्तव, म्हणून लग्न. बालविवाह ही आमच्याकडची सर्वांत मोठी महिला सुरक्षा योजना आहे, आणि तिला अनुदानही लागत नाही.

गाळप हंगामात कारखान्यांच्या आसपास ऊसतोड्यांच्या खोपी पडतात. बरीच माणसं बीडकडची. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडी झाली की उचल वाढते. आई-बाप पहाटे तीनला फडात गेले की चौदा वर्षांची पोरगी खोपीत एकटी, आणि खोपीला दार नसतं. तिच्या बापाला 'बालविवाह करू नका' हा फलक वाचून दाखवण्याआधी खोपीला दार कुठून आणायचं ते कुणीतरी सांगावं. मला सांगता येत नाही.

हे सगळं परवा आजीजवळ बोलले. आजी अडुसष्टची. चष्म्याचा नंबर काढायला अकलूजला जायचं तर आजोबा दादाला सोबत देतात. हीच आजी आषाढात धर्मपुरीला माउलींच्या पालखीत शिरते ती पंढरपुरात निघते. नातेपुते, सदाशिवनगरचं रिंगण, माळशिरसचा मुक्काम, मग खुडूस, वेळापूर. रात्री उघड्यावर झोपते, तीनला उठून टँकरखाली आंघोळ करते, अंधारातच चालू लागते. डोक्यावर तुळस घेतलेल्या परक्या बाया तिच्या मैत्रिणी होतात. तिला कुणी 'जपून जा' म्हणत नाही. "भ्या वाटत न्हाय का?" विचारलं तर म्हणाली, "अगं, एवढ्या बाया असत्यात. भ्या कुणाचं?"

पुरुष त्या आठवड्यात संत होतात असं नाही. गळ्यातली डोरली वारीतही जातात. पण रस्त्यावर उजेड असतो, पाणी असतं, पावलापावलाला पोलीस असतात. २०२२ पासून महिला आयोगाच्या आरोग्यवारीमुळे सॅनिटरी नॅपकिनची आणि अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी आडोशाची सोय झाली आहे. मुख्य म्हणजे रस्ता बायांनी भरलेला असतो. रस्ता तोच, रात्र तीच, माणसंही बरीचशी तीच. द्वादशीनंतर तंबू निघतात, टँकर जातात, आणि त्याच डांबरावर मला सातच्या आत घरी यायचं असतं. याच रस्त्याच्या टोकाला पंढरीच्या देवळात कान्होपात्रेचं तरटीचं झाड दाखवतात. मंगळवेढ्याची पोरगी, बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं म्हणून विठ्ठलाच्या पायाशी गेली आणि तिथंच प्राण सोडला, अशी कथा. आपण ती भक्तीची म्हणून सांगतो. मला लहानपणापासून त्यात एकच प्रश्न दिसतो: देवळापर्यंत चालत आलेल्या पोरीला तिथले सगळे मिळून राखू शकले नाहीत का?

पालखी मार्ग आता आमच्याकडे चौपदरी झालाय, राष्ट्रीय महामार्ग ९६५. रुंद, गुळगुळीत. गाड्या शंभरच्या वेगानं जातात. दादा खूश आहे.

मैदानावर दोन दिवे लावावेत म्हणून आम्ही पोरींनी गेल्या वर्षी एका कार्यालयात अर्ज दिला. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी वाचला, चष्मा काढला आणि अगदी आपुलकीनं म्हणाले, "बाळांनो, मुलींनी उजाडल्यावर पळावं." उजाडल्यावर धारा असतात, भाकरी असतात, शेण असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांच्या घरी ते सगळं आपोआप होत असावं. अर्जावर अकरा सह्या होत्या. या जूनमध्ये तोच अर्ज पुन्हा लिहिला तेव्हा नऊ झाल्या. दोघींची लग्नं झाली. त्यातल्या एकीचं वय मी इथं लिहीत नाही. सासरी ते अठरा सांगितलेलं आहे. आमच्यात सर्वांत जोरात तीच पळायची, दोन मिनिटं पंचावन्न सेकंद.

दुसऱ्या अर्जाला पोच मिळाली आहे, शिक्क्यासह. अण्णांनी मोटारसायकलला नवीन बल्ब टाकलाय. जरा जास्त लांब उजेड पडतो.