शरमेच्या नावावर खपवलेला उशीर

मुस्लीम बायका स्तनांच्या तपासणीला येत नाहीत, कारण परदा. हे वाक्य मी चर्चासत्रात ऐकलं आहे, शिबिराच्या बॅनरखाली उभ्या असलेल्या नगरसेवकाकडून ऐकलं आहे आणि आमच्याच जमातीतल्या बुजुर्गांकडूनही ऐकलं आहे. तिघांनाही ते सोयीचं आहे. चर्चासत्रवाल्यांना आमच्या मागासलेपणाचा आणखी एक पुरावा मिळतो, नगरसेवकाला रिकाम्या खुर्च्यांचं कारण मिळतं आणि बुजुर्गांना घरची इज्जत शाबूत असल्याचं समाधान. माझ्या मते हे वाक्य अर्ध्याहून जास्त खोटं आहे.

याच बायका बाळंतपणाला दवाखान्यात जातात. सिझेरियन होतं तेव्हा भूल देणारा डॉक्टर पुरुष असला तरी बाहेर बसलेलं कुणी हरकत घेत नाही, कारण आतून घराला मूल मिळणार असतं. परदा आठवतो तो दुखणं फक्त बाईचं असतं तेव्हा.

आणि आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 30 ते 49 वयाच्या बायकांना विचारलं होतं की स्तनाच्या कॅन्सरसाठी तुमची तपासणी आयुष्यात कधी झाली आहे का. ‘हो’ म्हणणाऱ्या देशभरात शंभरात एकसुद्धा भरली नाही, प्रमाण 0.9 टक्के. यात सगळ्या जातीधर्मांच्या बायका आल्या. मग बाकीच्या सगळ्यांनी बुरखा घातला होता का?

माझ्या एका खालाला रमजानमध्ये गाठ लागली होती. दुखत नव्हती, म्हणून ईद होऊ दे म्हणाली. ईदनंतर पुतणीचं लग्न आलं. मग मुलाची बारावी. खालू आखातात, घरात सासू अंथरुणाला खिळलेली, आणि तालुक्याला जायचं तर दिवसभर स्वयंपाक कोण करणार, सोबत कोण येणार, रेशन कार्डावरचं नाव कधी दुरुस्त होणार. सात महिने गेले. या सात महिन्यांत तिने ‘पुरुष डॉक्टर नको’ असं एकदाही म्हटलं नाही. निदान झाल्यावर मात्र सगळे नातेवाईक एका सुरात म्हणाले, बिचारी शरमेपोटी बोलली नाही. बोलली होती. तीन जणांना सांगितलं होतं तिने.

हा आजार गाठ दुखवून आपली वर्दी देत नाही, हे आधी डोक्यात घ्या. सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही आणि तिथेच फसगत होते. काखेत गाठ येणं, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्ताळ पाणी येणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणं किंवा तिला खळी पडणं, बोंडावर मलमाने न जाणारी खाज किंवा खरूज: यातलं एकही दिसलं तर त्या आठवड्यात डॉक्टर गाठायचा. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण हे हाताला कळत नाही, सुई घालून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत कळतं. आणि सुई लावली की कॅन्सर पसरतो, असं सांगणाऱ्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक जाणत्याला माझा सलाम, पण ते खोटं आहे. (पुरुषांनाही हा कॅन्सर होतो, क्वचित. तेव्हा भाईजान, तुम्हीही वाचत राहा.)

आता गुलाबी गाडीबद्दल. मागच्या ऑक्टोबरात आमच्याकडे मॅमोग्राफीची गाडी आली. कोणाची ते राहू दे. गुलाबी फुगे, गुलाबी टोप्या, पाहुण्यांची भाषणं. कॉलेजच्या मुलींना रांगेत उभं करून फोटो काढले. पंचविशीच्या आतबाहेरच्या मुलींच्या स्तनांची घडण दाट असते, मॅमोग्राफीत नीट दिसत नाही. त्या वयात काही जाणवलं तर आधी सोनोग्राफी. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाचा 2024 चा सल्लासुद्धा 40 ते 74 वयासाठी, दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी, असा आहे. ज्यांना गरज होती त्या चाळिशीपुढच्या बायका दुपारच्या त्या वेळेला चुलीपाशी होत्या. ज्या दोघींत संशय आला त्यांच्या हातात ‘मोठ्या दवाखान्यात दाखवा’ असा कागद ठेवून गाडी निघून गेली. पुढे कुठे, कोणाकडे, काहीच नाही.

याहून साधा, स्वस्त आणि आपल्याच शहरात पारखलेला मार्ग आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 1998 मध्ये मुंबईत एक अभ्यास सुरू केला. 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून अधिक बायका, वीस विभाग. निम्म्या विभागांत प्रशिक्षण दिलेल्या बायका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत, अशा चार फेऱ्या. मॅमोग्राफी नाही. वीस वर्षांचा हिशेब 2021 मध्ये प्रसिद्ध झाला: हाताच्या तपासणीने आजार लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यू घटल्याचं दिसलं नाही, हेही सांगायला हवं. पण बाईने बाईला तपासायचं, वस्तीत जाऊन, यंत्राशिवाय. परद्याचा बहाणा इथे उरतो कुठे?

सरकारनेही 2016 मध्ये हेच लिहून दिलं: 30 ते 65 वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी. कागदावर आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरते, त्यात स्तनातल्या गाठीचा प्रश्न असतो, बहुतेक घरांत दारातूनच ‘नाही, नाही’ म्हणून तिला वाटेला लावतात. तपासणीचा हक्क आपण मागितलाच नाही, आणि न मागितलेलं कुठलं सरकार देतं?

दुसरी भीती, ‘गेलं की कापतात’. गाठ लहान असताना सापडली तर बहुतेक वेळा अख्खा स्तन काढावा लागत नाही. इटलीत उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निकाल 2002 मध्ये आले: नुसती गाठ आणि भोवतीचा भाग काढून रेडिएशन दिलेल्या बायका पूर्ण स्तन काढलेल्यांइतक्याच जगल्या. गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती लहान करता येते. तुकड्याच्या तपासणीत आजार हार्मोनवर पोसणारा निघाला तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच ते दहा वर्षं घ्यायची असते, आणि ती महाग नाही. हर-2 नावाचं प्रथिन जास्त असेल तर ट्रास्टुझुमॅब. त्याची भारतात बनलेली आवृत्ती 2014 पासून मिळते. म्हणून डॉक्टरला विचारायचं: रिपोर्टमध्ये हार्मोन आणि हर-2 काय आले? हा प्रश्न विचारायला डिग्री लागत नाही.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधारवरची नावं जुळलेली हवीत. आपल्याकडे बायकांची नावं माहेरची एक, सासरची एक आणि कारकुनाने लिहिलेली तिसरी. ती दुरुस्ती आजारी पडण्याआधी करायची असते. मोहल्ल्यातल्या मुलांनी क्रिकेटच्या स्पर्धेतून दोन रविवार काढले तर शंभर घरांची कागदपत्रं होतील. अम्मीला तालुक्याला नेणारी मोटरसायकलही त्यांच्याचकडे आहे, आणि त्या दिवशी भात त्यांना लावता येतोच.

आपल्या व्हॉट्सॲपवर इस्लामी सुवर्णयुगाचे फोटो रोज फिरतात. त्यात कोर्दोब्याचा शल्यविशारद अल्-झहरावी असतो. त्याने हजार वर्षांपूर्वी ‘अत्-तसरीफ’मध्ये नोंदवलं की स्तनाचा कॅन्सर लहान आणि नवा असताना कापून काढून बघावा, मोठा आणि जुना झालेला आपण कधी बरा केलेला नाही. फोटो पुढे पाठवणाऱ्यांनी हेही पुढे पाठवावं. जुम्म्याच्या बयानात आलं तर आणखी चांगलं. भारतात 2022 या एका वर्षात या कॅन्सरने सुमारे 98 हजार बायका गेल्या, असा जागतिक अंदाज आहे. त्यांतल्या किती जणींनी आधी घरात सांगितलं होतं, हे कुणी मोजत नाही.

आम्ही सोळा मुलींनी आमच्या आरोग्य केंद्राला लेखी अर्ज दिला आहे. तीन प्रश्न आहेत: हाताची तपासणी कोणत्या वारी होते, ती करणाऱ्या सिस्टरला प्रशिक्षण मिळालं आहे का, आणि गाठ सापडली तर बाईला कोणत्या दवाखान्यात, कोणाच्या नावाने पाठवता? पोच मिळाली आहे, उत्तर नाही. सोमवारी परत जातोय, यावेळी अम्मींना घेऊन.