मांडव एका दिवसाचा, हप्ता साठ महिन्यांचा

लग्नसराई आली की आपल्या समाजात एक मूक शर्यत सुरू होते. शेजाऱ्याने सहाशे माणसे जेवू घातली, तर आपण हजार घातली पाहिजेत. त्याने हॉल घेतला, तर आपल्याला रिसॉर्ट हवे. या शर्यतीत जिंकलेला माणूस आम्ही अद्याप पाहिलेला नाही. दमछाक झालेले मात्र पुष्कळ पाहिले.

हिशेब साधा आहे. पाच लाखांचे वैयक्तिक कर्ज द.सा.द.शे. १४ दराने पाच वर्षांसाठी काढले, तर दरमहा सुमारे ११,६०० रुपये हप्ता बसतो आणि परतफेड सात लाखांच्या घरात जाते. मांडव दुसऱ्या दिवशी उतरतो. हप्ता साठ महिने उंबऱ्यावर बसून राहतो. घरासाठीच्या कर्जातून निदान चार भिंती उभ्या राहतात. या कर्जातून उरतो तो अल्बम. रिझर्व्ह बँकेच्या अहवालानुसार मार्च २०२५ अखेर देशातील कौटुंबिक कर्जात निम्म्याहून अधिक वाटा गृहकर्जाखेरीजच्या किरकोळ कर्जांचा होता, आणि ती मुख्यत्वे उपभोगासाठीच घेतली जातात. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच बँकेने ग्राहककर्जांवरील जोखीमभार १०० वरून १२५ टक्क्यांवर नेला, तो उगाच नव्हे.

तरीही ‘गरिबाला उधळपट्टीची खोडच आहे’ हा शेरा आम्हांस मान्य नाही. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यांच्या कर्जबाजारीपणाचे खापरही लग्नखर्चावर फोडले जात होते. सरकारी चौकशी आयोगाने मात्र या कारणास वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेल्याचे नमूद केले. दोष केवळ ऋणकोचा नसतो. पायंडा पाडतात ऐपतदार. तो निभावताना मोडतात बेताच्या मिळकतीची घरे. साधे लग्न केले की ‘हात आखडला’ म्हणून कुजबुजणारे आपणच असतो. ती कुजबूज टाळण्यासाठीच बाप कर्जाच्या कागदावर सही करतो.

वसईत १९१८ साली मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी सहकारी पतसंस्था उभी केली, ती सावकारी पाशातून माणसे सोडवण्यासाठी. आज तोच पाश मोबाईलच्या पडद्यावर काही मिनिटांत गळ्यात पडतो, आणि आपण त्याला सोय म्हणतो!

म्हणून आमचे सांगणे ऐपतदारांना आहे. कर्जबाजारी बापाला काटकसरीचे धडे देऊ नका. ज्यांना हजार पाने परवडतात, त्यांनी दोनशे वाढावीत. त्यांच्या दारचा मांडव लहान झाला, तरच शेजारच्या बापाला मान खाली न घालता आपला मांडव लहान घालता येईल.