रोहित्र म्हणजे काय हो?

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते. काठाने ऊस उभा, उसाला पाण्याची मोटार, आणि मोटारीला वीज. ती वीज गेली की शिवारात एकच हाक उठते : "डीपी जळाला!" शाळकरी पोरालाही ती कळते. परंतु वीज कचेरीच्या शुद्ध मराठी कागदात डीपी कधी जळतच नाही. तेथे 'रोहित्र' नादुरुस्त होते! हे रोहित्र म्हणजे पुराणातला राजा की नवे खत, हे आमच्या बापूंनी विचारावे कोणाला? विचारलेच तर वर टोमणा : "मातृभाषा येत नाही का?"

आमचे भांडण येथेच आहे. बापूंना मराठी येत नाही? लावणीचा ऊस तुटल्यावर त्याच बुडख्यातून फुटतो तो खोडवा, आणि खोडवा तुटल्यावर येतो तो निडवा. शास्त्र याहून नेमके काय बोलते? मोटेचा जाड दोर तो नाडा, सोंडेचा बारीक दोर तो सोंदूर. हीसुद्धा परिभाषाच आहे. तिच्यावर कचेरीचा शिक्का नाही, एवढेच. पाण्याची 'पाळी' सर्वांना ठाऊक असताना नोटिशीत 'आवर्तन' आणि 'विमोचक' अवतरतात. त्या नोटिशीचा अर्थ लागला नाही तर शब्दकोशाचे पान वाळत नाही, बापूंचे पीक वाळते.

यावर पंडित म्हणतील, "डीपी तरी कुठला मराठी? आणि डीपी म्हणजे नेमके ते यंत्रही नव्हे." खरे आहे. इंजिनियरला काटेकोर शब्द हवाच. नवा शब्द घडवणे हा काही गुन्हा नाही. १९६२ साली निघालेल्या पदनाम कोशाला अत्र्यांनी 'बदनाम कोश' म्हणून झोडपले. तरी त्या वळणाचा 'संचालक' आज कोणाला टोचत नाही. पण शब्द रुजवतात ते लोक. गाव नमुना सात आणि बारा या कोरड्या आकड्यांचा लोकांनी 'सातबारा' केला, आणि आता सरकारही मुकाट्याने तोच छापते!

भाषेचा मोठा अभिमान बाळगणाऱ्या फ्रेंचांचीही हीच गत. त्यांची अकादमी १६३५ पासून भाषेवर पहारा देते. १९५५ साली एका लॅटिनच्या प्राध्यापकाने संगणकाला 'ऑर्दिनातर' हे नाव सुचवले. लोकांनी ते उचलले, आणि बोलताना छाटून 'ऑर्दी' केले. पण २००३ साली सरकारने ई-मेलसाठी 'कुरियेल' नेमला, तरी फ्रेंच माणूस गप्पांत सर्रास 'मेल'च म्हणतो. राजमुद्रा कागदावर उमटते, जिभेवर नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. कागदावर रोहित्र खुशाल लिहा, पण शेजारी डीपीही लिहा. आवर्तनाजवळ पाळीला जागा द्या. आणि नवा शब्द पाडण्यापूर्वी बांधावर येऊन एकदा विचारा : "तुम्ही याला काय म्हणता?"

वाचकहो, फराळाच्या ताटाभोवती यंदा आजोबांना मोटेचे शब्द विचारा आणि आजोबांना नातवाच्या मोबाईलचे विचारू द्या. अर्थ विचारणाऱ्याने लाजण्याचे कारण नाही. लाजावे त्याने, ज्याचा कागद ज्याच्यासाठी लिहिला त्यालाच कळत नाही!