आधी निकाल, मग दया



उत्तर प्रदेशात १९८१ सालच्या शेवटच्या दोन महिन्यांत दलितांची दोन हत्याकांडे झाली. १८ नोव्हेंबरला दिहुली गावात २४ जणांना गोळ्या घातल्या, त्यांत बायका होत्या, लेकरे होती. डिसेंबरअखेर साढूपूरला १० जणांना मारले. साढूपूरचा निकाल लागायला २०२३ साल उजाडले. दहापैकी नऊ आरोपी तोवर मरून गेले होते. उरलेल्या एकाला वयाच्या ९० व्या वर्षी जन्मठेप झाली. दिहुलीचा निकाल मार्च २०२५ मध्ये लागला, तिघांना फाशी.

अशा निकालांवर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक बाजू म्हणते, एवढ्या म्हाताऱ्याला आत टाकून काय मिळणार, जुने कशाला उकरता? दुसरी बाजू आपल्याच पोरांची असते. ती म्हणते, लटकवा! आम्हाला दोन्ही मान्य नाहीत.

आधी पहिल्यांचे बघू. खुनाचा खटला चालवायला कायद्यात मुदत नाही. मुदतीचे बंधन तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे. आरोपी म्हातारा का झाला? कारण चाळीस वर्षे निकाल लागला नाही. दिहुलीत मारलेले लेकरू आज पन्नाशीच्या आसपास असते. त्याचे वय कोणी मोजत नाही, मारणाऱ्याचे मात्र मोजतात! म्हातारपणी माफी हा नियम केला, तर प्रत्येक गावगुंडाला रस्ता सापडतो: तारखा घ्या, साक्षीदार फोडा, वाट पाहा. बिहारात लक्ष्मणपूर-बाथे येथे १९९७ मध्ये ५८ जण मारले गेले. खालच्या कोर्टाने २०१० मध्ये २६ जणांना दोषी धरले. २०१३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडले, कारण साक्षीपुरावे विश्वासार्ह वाटले नाहीत. जितका उशीर, तितका पुरावा दुबळा. उशिराचा फायदा आरोपीलाच होतो आणि त्यावर पुन्हा दयाही त्यालाच हवी?

आम्हा बौद्धांना मग अंगुलिमालाची आठवण करून दिली जाते. अवश्य द्या, पण गोष्ट पूर्ण सांगा. तथागतांसमोर अंगुलिमाल थांबला, त्याने शस्त्र टाकले. भिक्खू झाल्यावरही लोकांनी दगड मारले, डोके फुटले, भिक्षापात्र फुटले. तथागतांनी त्याला सांगितले, हे तुझ्या कर्माचे फळ आहे, सहन कर. त्या करुणेत केलेले कर्म नाकारायला जागा नव्हती. इथे गुन्हा कबूल नाही, पश्चात्ताप नाही, आणि ज्यांची माणसे गेली त्यांना विचारलेही नाही. परस्पर दिलेल्या अशा माफीला आम्ही करुणा म्हणत नाही.

आता आपल्या पोरांकडे वळू. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीच्या अपिलांवर चर्चा चालू असताना बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले होते की, आपण फाशीची शिक्षाच रद्द करण्याच्या बाजूचे आहोत. आपला मुद्दा आला की ही भूमिका गुंडाळून ठेवायची का? शिवाय फाशीच्या नादात आपण काय हरवतो, ते खैरलांजीत पाहिले. २००८ मध्ये सहा जणांना फाशी झाली, २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या कैदेवर आणली. सगळी चर्चा दोराभोवती फिरली. पण दोन्ही न्यायालयांनी ॲट्रॉसिटी कायदा लागूच केला नाही, म्हणजे खून झाले पण जातीमुळे झाले नाहीत असे ठरले. आमच्या मते खरी हार तिथे झाली. खटला लागतो तो यासाठी: कोणी मारले, कोणाला मारले, का मारले, हे सरकारी कागदावर कायमचे लिहिले जावे म्हणून.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. खटला चाललाच पाहिजे, आरोपी शंभरीचा असला तरी. दोष सिद्ध झाल्यावर दयेचा विचार जरूर व्हावा. संविधानात त्यासाठी कलम ७२ आणि १६१ आहे. आजारी कैद्याला औषधोपचार मिळावेत, पॅरोलचाही विचार व्हावा. पण त्या वेळी पीडितांचे ऐकले गेले पाहिजे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ ने जामीन, शिक्षा, पॅरोल या प्रत्येक टप्प्यावर त्यांना तो हक्क दिला आहे.

त्याच कायद्याचे कलम १४ सांगते की, आरोपपत्रानंतर शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवावा. तुमच्या तालुक्यातले किती खटले दोन महिन्यांत संपले? पोस्ट टाकण्याआधी जिल्हा न्यायालयात जाऊन बघा. पुढच्या तारखेला साक्षीदारासोबत बाकावर बसा. कलम १५अ चा अर्ज दिला आहे का, हे सरकारी वकिलाला विचारा. आज हे केले नाही, तर आजचा आरोपीही एक दिवस नव्वदीचा होईल आणि दया कोणावर करायची हा वाद आपली नातवंडे घालत बसतील.