खाचरातला वायू आणि उसना आकडा

गाळ साचलेल्या तळ्यात काठी ढोसली की बुडबुडे वर येतात. व्होल्टाने १७७६ मध्ये इटलीतील माजोरे सरोवराकाठी असेच बुडबुडे गोळा करून ते जळतात हे दाखविले. हाच मिथेन. पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू पोचत नाही; तेथे कुजणाऱ्या पालापाचोळ्यातला कर्ब काही सूक्ष्मजीव मिथेनच्या रूपाने बाहेर टाकतात. भाताचे खाचर म्हणजे माणसाने केलेली दलदलच. गंमत अशी, की भाताच्या रोपातील ज्या पोकळ वाटांनी हवा मुळांकडे उतरते, त्याच वाटांनी मिथेन वर येतो.

मिथेन उष्णता अडवून धरतो, म्हणून कोणत्या देशातून तो किती निघतो याचा हिशेब होतो. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याने आपल्या भातशेतीच्या नावावर वर्षाला सुमारे ३ कोटी ८० लाख टन मिथेन मांडला. आधार कशाचा? युरोप-अमेरिकेतील शेतांवरच्या मोजमापांचा! दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील डॉ. ए. पी. मित्रा हे मूळचे आयनांबराचे अभ्यासक. त्यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये देशातील निरनिराळ्या भातशेतांत मोजणी झाली. रोपांवर पेटी पालथी घालायची, ठरावीक वेळाने पिचकारीने आतली हवा काढायची आणि तिच्यात मिथेन किती वाढला ते तपासायचे. एकूण आकडा निघाला सुमारे ४० लाख टन. आपली बरीच भातशेती पावसावरची. तिच्यात पाणी सदैव उभे नसते. पाणी ओसरले, जमिनीत हवा शिरली, की मिथेन घटतो.

यावर 'आपण निर्दोष ठरलो' म्हणून टाळ्या पिटणे मला पसंत नाही. ४० लाख टन काही थोडे नव्हेत, आणि मोजणीत आकडा फुगला असता तर तोही मुकाट्याने मानावा लागला असता. माझे म्हणणे वेगळेच आहे. शाळेत आपण कर्बचक्राची आकृती बाणांसकट पाठ करून घेतो. एकेका बाणातून कर्ब जातो किती, हे मात्र कोणी विचारीत नाही. (परीक्षेत त्याला गुण नसतात ना!)

शिक्षकांनी यंदा एवढे करून पाहावे. पाण्याने भरलेली बाटली तळ्यात उपडी धरून तिच्या तोंडाशी नरसाळे बसवावे, बुडबुडे साठू द्यावेत आणि किती वेळात किती वायू जमला ते पाण्याच्या तापमानासह वहीत लिहावे. सोबत मोठे माणूस हवेच. जमलेला वायू पेटवू नये. त्यात मिथेनखेरीज इतरही वायू असतात, हेही वहीत नोंदवावे.