शिकाऊ उमेदवाराला उत्तर तरी द्या




माझी मुलगी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड पास झाली. सिल्वासातल्या एका मोठ्या कारखान्यात शिकाऊ उमेदवाराची जागा पोर्टलवर दिसली म्हणून तिने अर्ज केला. अर्ज मिळाल्याचा मेसेज आला, पुढे काहीच नाही. गेटवर गेलो तर वॉचमनने झेरॉक्स ठेवून घेतल्या. महिने गेले. शेवटी निरोप मिळाला तो असा: वर्षभराचा अनुभव असेल तर बघू, नाहीतर ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून पाठवा.

शिकायला आलेल्या मुलीकडे अनुभव कसा मागता? आणि हेल्पर म्हणून राबली तरी तिला पॅनेलला हात कोण लावू देणार? शिकाऊ उमेदवारीचे राष्ट्रीय प्रमाणपत्रही त्यातून मिळत नाही.

१९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे नियम २०१९ साली बदलले. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असे त्यांत आहे. या मनुष्यबळात ठेकेदाराची माणसेही मोजायची असतात. म्हणजे हेल्पर वाढले की शिकाऊ उमेदवारांच्या जागाही वाढायला हव्यात! मसाट, पिपरिया, नरोली इथल्या गेटवर पाळी सुटताना उभे राहून पाहा, ठेकेदाराची माणसे किती असतात ते कळेल.

मग जागा भरत का नाहीत? आयटीआय झालेल्यासाठी त्याच नियमांनी किमान विद्यावेतन महिना ७००० रुपये ठरवले. २०१४च्या दुरुस्तीने कमी पडलेल्या प्रत्येक उमेदवारामागे दंड ठेवला तो पहिले तीन महिने ५०० आणि नंतर १००० रुपये महिना. केंद्र सरकार विद्यावेतनातला काही वाटा उचलते, तो धरूनही दंड भरणेच स्वस्त पडते.

मुले मध्येच सोडून जातात, अशी कंपन्यांची तक्रार असते. काही जातातही. पण म्हणून जी आलीच नाहीत त्यांचे अर्ज दाबून ठेवायचे? प्रशिक्षण संपल्यावर नोकरी द्यायचे बंधनही कायदा कंपनीवर घालत नाही. आम्ही कायम नोकरी मागत नाही, शिकण्याची संधी मागतो.

करसवलती मिळाल्या म्हणून हे कारखाने आमच्या भागात आले. इथे २०११च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते, आणि त्यांच्यासाठी शिकाऊ जागा राखून ठेवायची तरतूद याच कायद्यात आहे. खानवेल, दुधनीकडून बस बदलत येणाऱ्या वारली-कोकणा मुलांना गेटवरूनच परत पाठवणे हा अन्याय आहे.

प्रशासनाला विनंती आहे की प्रत्येक कारखान्यात किती शिकाऊ उमेदवार हवेत आणि किती घेतले, ही यादी दर तिमाहीला आयटीआयच्या फलकावर लावावी. अर्ज नाकारला तर तीस दिवसांत कारण लेखी कळवणे कंपनीला बंधनकारक करावे.

— एक पालक, सिल्वासा